बिघडवून दिलेली फटफटी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका स्कूटरच्या पोटात हात घालून बसलो होतो. म्हणाले, पंचविशीच्या आत माणसानं काय शिकावं, यावर आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा. मी म्हटलं, साहेब, फोन चुकीच्या ठिकाणी लागला. मी गॅरेजवाला माणूस. पंचविशीच्या आत मी गाड्या नीट करायला शिकलो आणि त्यातली एक चांगली गाडी मुद्दाम बिघडवायला शिकलो, याच्या पलीकडं माझ्याकडं काही नाही. ते म्हणाले, मग तेच लिहा की. आता लिहितोय, तर कागदावरच्या ग्रीसच्या डागांसकट गोड मानून घ्या.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं गॅरेज. तेव्हा गॅरेज म्हणजे काय, तर एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची पुढची बाजू. वर पत्रा. पाऊस आला की गिऱ्हाइकाच्या गाड्या आत आणि मी बाहेर. आयटीआय केलं, उद्यमनगरात एका उस्तादांच्या हाताखाली हात काळे केले आणि मग स्वतःचं शटर उघडलं. आम्ही बौद्ध, त्यामुळं मुहूर्त बघायची भानगड नव्हती. चौदा एप्रिलला सकाळी घरात वंदना घेतली आणि येऊन शटर वर केलं. वडील हमाली करायचे. पोरानं शिकून खुर्चीत बसावं ही त्यांची इच्छा, आणि पोरगं बसलं लाकडी पाटावर. सुरुवातीला ते गॅरेजवरनं जाताना मान वळवून बघायचेसुद्धा नाहीत. पुढं त्यांचे दोस्तच सांगायला लागले, 'तुझ्या सुभाषकडं गाडी टाकलीया,' तेव्हा मग रोज संध्याकाळी येऊन बसायला लागले आणि वर गिऱ्हाइकांना सल्लेही द्यायला लागले.

लोकांना वाटतं हा हाताचा धंदा. हात काय, वर्षाभरात बसतो. कान बसायला वेळ लागतो. त्या काळात, म्हणजे नव्वद सालानंतरची ती पाच-सात वर्षं, रस्त्यावर दोन स्ट्रोकच्या गाड्याच जास्त. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, निळा धूर सोडायचा आणि फटफट करत जायचं. त्या फटफटीत सगळं कळायचं. प्लग काळा पडला, रिंगा झिजल्या, सायलेन्सर कार्बननं चोंदला, प्रत्येकाचा आवाज वेगळा. गिऱ्हाईक खोटं बोलतं, गाडी बोलत नाही. हँडल पार वाकडं झालेलं असतं आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, 'पडलो न्हाय मेस्त्री, आपोआप झालं.' आपोआप! चंदगडचे एक प्राथमिक शिक्षक माझे गिऱ्हाईक होते. तिकडं पाऊस असला की कार्बोरेटरमध्ये पेट्रोल कमी आणि पाणी जास्त. तर हे गुरुजी गाडी तिथंच ठेवून फक्त कार्बोरेटर टॉवेलात गुंडाळून एसटीनं घेऊन यायचे. गाडी का आणली नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, सगळी एसटीत बसत न्हाय, जेवढी बसती तेवढी आणली. असल्या माणसांच्या जिवावर धंदा चालला.

पण सांगायचंय ते गणपत आबांच्या फटफटीचं.

आबा आमच्याच पेठेतले गवळी. दोन गल्ल्या सोडून घर, घराला लागून गोठा. गोठ्यात म्हशी दोन-चार, पण आबांचा जीव एकीवर. तिचं नाव चंद्रा. पंढरपुरी म्हैस, शिंगं थेट पाठीवर गेलेली. आबांची गाडी जुनी, दोन स्ट्रोकची, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आली की आतल्या बायका, दचकून सांडायला नको म्हणून, चुलीवरचं दूध उतरवायच्या. सायलेन्सरच्या आत एक पुंगळी असते, ती आवाज दाबते. आबांनी ती काढूनच टाकली होती. शिवाय कधीतरी दगडाला आपटून सायलेन्सर फाटला होता, त्यावर पत्र्याचं ठिगळ मारलेलं. आणि इंजिन मधेच एक ठोका गाळायचं.

बाहेरगावच्या वाचकांना इथं थोडं सांगायला पाहिजे. दिवाळीत पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसं, आणि मालकानं पुंगळी काढलेली गाडी घेऊन पुढं पळायचं. म्हैस मागनं पळते. दोरी नाही, काठी नाही. आजूबाजूला तसल्याच पन्नास गाड्या बोंबलत असतात, पण म्हैस आपल्याच मालकाच्या गाडीमागं जाते, आवाजावर. पुण्याचे पाहुणे हे ऐकून हसतात. त्यांना मी म्हणतो, पाडव्याला या आणि बघा, पण कडेला उभं राहून बघा.

आबांचा पाडवा मात्र रोजचाच होता. सकाळी गाडी काढायची, मागनं चंद्रा, नदीवर जायचं, तिला धुवायची, परत यायचं. गाडी दारात येऊन थांबली की आबांची बायको हौसाक्का चरवी घेऊन धारेला बसायची. चंद्राचं रेडकू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावलं होतं. रेडकू नसलं की म्हैस सहजासहजी दूध सोडत नाही, चोरून धरते. पण चंद्रानं त्या आवाजाचीच सवय लावून घेतली होती. गाडी दारात फटफटली की ती पान्हवायची.

आबा गाडी माझ्याकडं टाकताना दर वेळी एकच सांगायचे. 'मेस्त्री, आतलं काय करायचं ते कर, आवाजाला हात लावायचा न्हाय.' मी बावीस वर्षांचा, नुकता शिकून आलेला. असला भिकार आवाज ठेवून गाडी द्यायची म्हणजे मला लाज वाटायची. उस्ताद बघतील तर काय म्हणतील, असं व्हायचं. पण गिऱ्हाईक म्हणेल ते.

एका वर्षी दिवाळी झाली आणि थंडीत आबांना लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातनं घरी आणलं ते पुढच्या खोलीत खाटेवर पडले. मी भेटायला गेलो तर डोळे मिटलेले. हौसाक्कानं कानाशी जाऊन सांगितलं, मेस्त्री आलाय. डोळे उघडले नाहीत.

त्यांचा मुलगा विलास माझ्याच वयाचा, शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला. आता गाडी तो वापरायला लागला. सकाळी दारात चालू करायचा, गरम होईपर्यंत चहा घ्यायचा आणि निघायचा. कंपनीच्या गेटवर लोक त्याच्या गाडीला हसायचे म्हणून एक दिवस ती माझ्याकडं घेऊन आला. 'भावा, एकदम नवी करून दे. आबांनी लई वर्सं वापरली, जरा जिवंत कर तिला.' माझ्या मनातलंच बोलला की. मी झिजलेल्या सिलिंडरला बोअर मारून घेतला, नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवा सायलेन्सर, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप बसवला. जुना सायलेन्सर भंगारात. गाडी अशी झाली की चालू आहे का बंद, हे हात लावून बघावं लागायचं. पहिल्यांदाच वाटलं की आपण मेस्त्री झालो. विलासनं मला मिसळ खायला घातली.

आठवडा-दीड आठवडा गेला असेल. हौसाक्का गॅरेजच्या दारात आली. अनवाणी, हाताला शेण तसंच. मला वाटलं आबांचं काही झालं. तिनं विचारलं, "मेस्त्री, आमच्या गाडीचा आवाज कुठं टाकलास?"

मी हसून म्हटलं, आक्का, काढूनच टाकला की, आता कशी गुमान चालते.

"त्योच परत घाल," ती म्हणाली, आणि पायरीवर बसली.

मग तिनं जे सांगितलं ते असं. गाडी नवी झाली त्या दिवसापासनं चंद्रानं दूध धरलं होतं. पेंड बदलली, दृष्ट काढली, लिंबू बांधलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की तेवढ्यापुरतं सुटायचं, आणि ते रोज रोज देऊ नका असं डॉक्टरच म्हणत होते. दूध तटून तटून कास दगडासारखी झाली होती, हात लावू देत नव्हती. सगळे म्हणत होते, मालक पडला म्हणून म्हैस झुरतीय. विलासला हे बघवेना म्हणून त्यानं तिला वडगावच्या जनावरांच्या बाजाराला विकायला न्यायचं ठरवलं होतं, परवाच्या दिवशी. त्याचं तरी काय चुकलं, मुक्या जनावराचे हाल त्यालाही दिसत होतेच. आणि त्या दिवशी सकाळी गल्लीतनं कुणाची तरी फुटक्या सायलेन्सरची गाडी गेली, तर चंद्रानं मान वर केली, कान टवकारले आणि सडातनं दोन थेंब आपसूक गळले. हौसाक्कानं ते बघितलं आणि तशीच उठून माझ्याकडं आली.

"म्हस गेली तर ह्यांचं काय खरं न्हाय रं," ती म्हणाली. "ती रेकली की ह्ये डोळं उघडत्यात. दिसभरात तेवढंच उघडत्यात."

एवढी गाडी नीट केली होती मी.

आधी भंगारवाल्याकडं पळालो. तो म्हणाला, तुझा माल कवाच फौंड्रीत गेला. आता तो सायलेन्सर वितळून कुठल्यातरी पंपाची बॉडी झाला असणार. मग तसल्याच गाडीचा एक गंजका सायलेन्सर हुडकून काढला, पुंगळी उपसली, आबांच्या गाडीला जिथं ठिगळ होतं तिथं भोक पाडून वर पत्र्याचा तुकडा मारला. गाडी चालू केली. आवाज मोठा झाला, पण तो आबांचा नव्हता. आणि गंमत बघा, मी इतकी वर्षं तो आवाज ऐकला तो नावं ठेवत ऐकला होता. ज्याचा राग येतो ते माणूस नीट ऐकत नाही. इंजिन ठोका गाळायचं हे माहीत होतं, पण कसं गाळायचं, किती वेळानं, हे काही केल्या आठवेना. विलासला विचारलं तर तो म्हणाला, फटफट वाजायची, आणि काय. हौसाक्का म्हणाली, ऐकला की वळखीन, पर सांगू कसा.

तो आवाज नेमका ठाऊक असलेलं माणूस एकच, आणि त्याची वाचा गेलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारं पिशवीत घालून आबांच्या दारात गेलो. खाट खिडकीशी ओढून घेतली. विलास आमच्याकडं बघत भिंतीला टेकून उभा. त्याला हे सगळं खुळ्यांचं काम वाटत होतं, पण आईपुढं बोलत नव्हता. मी गाडी चालू केली आणि कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायला लागलो. दोन स्ट्रोकच्या इंजिनाला पेट्रोल जास्त झालं की ते ठोके गाळतं. किती जास्त, यावर सगळा खेळ. थोडं फिरवायचं आणि खिडकीकडं बघायचं. आबांचे डोळे मिटलेले. हौसाक्का त्यांच्या उशाशी. पॉइंटचा गॅप हलवून बघितला, प्लग जुना घालून बघितला. गल्ली गोळा झाली. एकजण म्हणाला, आयला, ह्यो मेस्त्री हाय का कोण, चांगली गाडी मोडायला लागलाय. मला घाम फुटला. चंद्रा गोठ्यात ढिम्म.

मी गाडी बंद करून कपाळ पुसत होतो, तेवढ्यात हौसाक्कानं हाक मारली. आत गेलो. आबांचे डोळे उघडे होते, माझ्याकडंच बघत होते, आणि चांगले रागावलेले होते. डावा हात खाटेच्या गातावर, म्हणजे कडेच्या लाकडी दांड्यावर होता. त्या हाताच्या बोटानं ते लाकडावर ठोके मारत होते. टक, टक, टक, आणि मग एक जागा रिकामी. पुन्हा टक, टक, टक, आणि रिकामी जागा. मला आधी उमगलंच नाही. मग हौसाक्का हळूच म्हणाली, "गाडी सांगत्यात."

मी तिथंच खाटेशी उकिडवा बसलो. आबा वाजवत होते आणि मी माझ्या गुडघ्यावर तसंच वाजवत होतो. चुकलो की ते हात थांबवायचे आणि पुन्हा पहिल्यापासनं सुरू करायचे. शिकवणारा माणूस बोलायलाच पाहिजे असं नाही, हे मला त्या सकाळी कळलं. आणि दुसरं एक कळलं, ते कुठल्या आयटीआयमध्ये शिकवत नाहीत. बिघाड कशाला म्हणायचं हे नुसत्या गाडीकडं बघून ठरत नसतं. ती कुणाच्या दारात उभी असते, आणि तिची वाट कोण बघत असतं, ते आधी विचारावं लागतं.

बाहेर आलो. ठोके तोंडानं म्हणत म्हणत स्क्रू फिरवला. एका जागी इंजिन अडखळलं, सावरलं, पुन्हा अडखळलं. मी हात काढून घेतला. टक, टक, टक, आणि रिकामी जागा.

चंद्रा रेकली. गोठ्यातल्या दाव्याला असा हिसका बसला की खुंटा हलला. हौसाक्का आतनं चरवी घेऊन धावत गेली आणि खाली बसली. पहिल्यांदा काहीच नाही. मग चरवीच्या बुडावर धारेचा आवाज आला. मघाशी मला नावं ठेवणारा वाकून गोठ्यात बघायला लागला. विलास भिंतीपासनं हलला, गोठ्याच्या दारात गेला आणि तिथंच तोंड फिरवून उभा राहिला. मी खिडकीतनं आत बघितलं. आबांचे डोळे उघडे होते आणि त्यातनं पाणी चाललं होतं, पण बोट अजून लाकडावर ठोका धरत होतं. मी रडलो. लाज कसली सांगायला, बावीस वर्षांचा होतो आणि गल्लीच्या मधोमध गाडीचं हँडल धरून रडलो.

बाजाराचा विषय तिथंच संपला. विलास ती बिघडवलेली गाडी घेऊन शिरोलीला जायला लागला. एकदा ट्रॅफिक पोलिसानं अडवलं, सायलेन्सरला काय झालंय म्हणून. विलासनं खरं तेच सांगितलं, साहेब, म्हशीसाठी हाय. दुसऱ्या गावचा पोलीस असता तर आत घातला असता. हा इथलाच होता. त्यानं म्हशीचं नाव विचारलं आणि सोडून दिलं.

पुढच्या पाडव्याला विलासनं चंद्राला पळवली. आबांना दारात खुर्चीवर बसवलं होतं, डोक्याला फेटा बांधून. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. गाडी गेली, मागनं चंद्रा गेली, आणि आबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही. मला आजवर कुणी सर्टिफिकेट दिलं असेल तर ते तेवढंच. पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले.

चंद्रा मात्र खूप वर्षं राहिली. म्हातारी झाली, आटली, तरी हौसाक्कानं तिला विकली नाही आणि विलासनंही बाजाराचं नाव काढलं नाही. तो रोज सकाळी गाडी दारात चालू करायचा, ती मान वर करायची, एवढंच. दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात ती गोठ्यात बसली ती उठली नाही. मी तिशीला टेकलो होतो तेव्हा. गॅरेजवर नवा पत्रा आला होता आणि चार स्ट्रोकच्या गुपचूप चालणाऱ्या गाड्या यायला लागल्या होत्या. त्यांच्यात ऐकण्यासारखं काही नसतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

चंद्रा गेल्यावर थोड्या दिवसांनी हौसाक्का आली. मागनं विलास गाडी ढकलत. ती मला कायम मेस्त्री म्हणायची, त्या दिवशी नावानं हाक मारली. म्हणाली, "सुभाष, आता नीट करून टाक ही. ऐकणारी दोघंबी गेली. घरात विलासचं बाळ हाय, ते दचकून उठतंय."

मी बरं म्हटलं. गाडी पाटाशी घेतली, खाली बसलो, सायलेन्सरच्या नटाला पाना लावला.

"थांब," ती म्हणाली. "एकदा चालू कर."

मी उठून किक मारली. गिरणीच्या त्या जुन्या भिंतींत आवाज घुमला. टक, टक, टक, आणि रिकामी जागा. विलास रस्त्याकडं बघत राहिला. हौसाक्कानं गाडीच्या टाकीवर तळवा ठेवला. मी रेस दिली नाही, कमी केली नाही, इंजिन आपल्या चालीनं चालू दिलं. तिचे डोळे कोरडे होते. मग तिनं स्वतःच चावीकडं हात नेला. कुठल्या बाजूला फिरवायची ते तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. तिनं दोन्हीकडं फिरवून बघितली आणि गाडी बंद केली.

"झालं माझं ऐकून," ती म्हणाली. "कर आता."